‘येते’ म्हणून निघताना: गोव्यात राहून पियानोचा अल्बम कसा करावा

आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणायचं. कोकणीत ‘येतां’. लहानपणी माझ्या तोंडून चुकून ‘जाते’ निघालं की आजी उंबऱ्यातून मागे बोलवायची, घोटभर पाणी प्यायला लावायची आणि ‘येते’ म्हणवून घेऊनच सोडायची. पुढे निरोप आणि मुळं या विषयावर पियानोचा अल्बम करायला घेतला तेव्हा त्याचं नाव शोधावं लागलं नाही.

आमचं मूळ गाव सांगे तालुक्यातलं कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. ऐंशीच्या दशकात ते साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं वाडें, वालकिणी अशा नव्या वसाहतींत आली. दर मे महिन्यात पाणी उतरतं, घरांची जोती आणि वाटा उघड्या पडतात, आणि गावची माणसं सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात. पाऊस आला की गाव परत पाण्यात. मी वाडेंत वाढले, मडगावात पियानो शिकले, मग सहा वर्षं परदेशात राहून परत आले.

वाजवायचं कसं हे मला शिकवलेलं होतं. अल्बम करायचा कसा हे कुणी शिकवलं नव्हतं. गोव्यात राहून, स्वतःच्या खर्चाने, मोठ्या कंपनीविना हे करताना मी जिथे जिथे अडले ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. परीक्षेच्या वरच्या इयत्ता पार केलेल्या, कार्यक्रम करणाऱ्या, पण रेकॉर्डिंगच्या वाटेला न गेलेल्या वादकांसाठी हे आहे.

आधी हे जमवा

– प्रत्येक रचनेची विश्वासार्ह स्वरलिपी. मूळ हस्तलिखितावर आधारलेली, ‘उर्टेक्स्ट’ म्हणतात ती आवृत्ती.
– आर्द्रतामापक. छोटा, डिजिटल, स्वस्तातला चालेल.
– पियानो ट्यूनरच्या पक्क्या तारखा. गोव्यात ट्यूनर मोजके आहेत आणि कधी कधी मुंबईहून बोलवावा लागतो, म्हणून सगळ्यांत आधी हीच तारीख.
– जागेच्या मालकाची लेखी परवानगी. चर्च किंवा कपेल (छोटं प्रार्थनाघर) असेल तर तिथल्या पाद्रींची.
– ध्वनितंत्रज्ञाशी लेखी करार.
– पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं. वितरक (अल्बम इंटरनेटवर सगळीकडे पोहोचवणारी सेवा) पैसे त्याच नावावर पाठवतो, म्हणून स्पेलिंग सगळीकडे सारखं ठेवा.
– दोन बाहेरच्या हार्ड डिस्क.
– स्वरलिपी समोर धरून ऐकणारा एक माणूस. याच्याबद्दल पुढे सविस्तर.

1. विषय एका वाक्यात लिहा

‘निरोप आणि मुळं’ हा विषय नाही, ती दोन नामं आहेत. मी पहिल्यांदा अशीच निघाले आणि निवडलेलं सगळं मायनर या उदास वळणाच्या स्केलमधलं, संथ आणि ओलं निघालं. सत्तर मिनिटांची यादी घेऊन मडगावच्या माझ्या पियानोच्या बाईंकडे गेले. त्यांनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, “यात कोण कुठून निघालंय?” मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री वहीत वाक्य लिहिलं: ‘जाणारा माणूस निघतानाच परत येण्याचा शब्द देतो, आणि तो शब्द कधी पाळला जातो, कधी नाही.’ हे वाक्य हातात आल्यावर अर्धी यादी आपोआप गळाली. रचना सुंदर आहे पण या वाक्यात बसत नाही, असं झालं की ती पुढच्या अल्बमला.

विषय परदेशगमनाचाच असायला हवा असं मुळीच नाही. गोव्याला निरोपाची ओळख करून द्यावी लागत नाही. फोंड्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर मुंबईला गेल्या. त्यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, 1977मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेतून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेसंगीतात गेले आणि तिथे प्यारेलाल, आर. डी. बर्मन यांना शिकवलं. तुमच्या घरातही कुणी मुंबईच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या गावकी वसतिगृहात, राहिलं असेल, कुणी बोटीवर गेलं असेल. तिथून सुरुवात करा. आपल्या घरातला निरोप सापडला की बाखच्या घरातला लगेच ओळखू येतो.

2. रचना निवडा आणि क्रम लावा

या कामाला मी चार महिने दिले आणि त्याचा पश्चात्ताप नाही. माझा क्रम सांगते. नक्कल करण्यासाठी नव्हे, निवड कशी करायची हे दिसावं म्हणून.

सुरुवात बाखच्या कॅप्रिचिओने, बीडब्ल्यूव्ही 992 (हा बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). प्रिय भावाच्या प्रस्थानावर लिहिलेली ही बाखच्या तरुणपणातली रचना. सहा छोटे भाग. पहिल्यात मित्र ‘जाऊ नकोस’ म्हणून लाडीगोडी लावतात, दुसऱ्यात परमुलखात काय काय संकटं येतील ते सांगतात, तिसऱ्यात सगळे मिळून शोक करतात, चौथ्यात नाइलाजाने निरोप देतात, मग टपालगाडीवाल्याची धून आणि शेवटी त्याच्या शिंगाच्या आवाजावर रचलेला फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांनी उचलत नेण्याचा प्रकार. वाडेंच्या बसथांब्यावर मी हे सहाही भाग पाहिले आहेत, शिंगाच्या जागी कदंबा बसचा हॉर्न.

दुसरी शोपँची मझुर्का, ओपस (म्हणजे प्रकाशित कृतीचा क्रमांक) 17 क्रमांक 4. शोपँने 2 नोव्हेंबर 1830ला वॉर्सा सोडलं आणि पुन्हा त्याला तिथे पाऊल ठेवता आलं नाही. मझुर्का हा त्याच्या मुलखातला नाच. या मझुर्काचा शेवट अधांतरी आहे. शेवटची स्वरसंगती जमिनीला टेकतच नाही. पाळला न गेलेला शब्द म्हणतात तो मला इथे ऐकू येतो.

तिसरी रचनाकार फ्रान्झ लिस्टची ‘ल माल द्यू पेई’, म्हणजे घरची ओढ. चौथे बार्टोकचे रुमानियन लोकनृत्यांचे सहा तुकडे, 1915चे. बार्टोक फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरायचा आणि शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर टिपायचा. 1940मध्ये त्याने हंगेरी सोडली, 1945मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये वारला, आणि 1988मध्ये त्याच्या अस्थी मायदेशी आणल्या गेल्या. ‘येते’चा हा सर्वांत लांबलेला अर्थ.

पाचवी रचना माझी. पौषात मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, बायका धालो हा गाण्यांसह नाच घालतात. माझ्या आत्याच्या तोंडचं एक धालोगीत घेऊन त्यावर सहा मिनिटांचा तुकडा रचला.

आणि शेवटी बेटोव्हनचा सोनाटा, ओपस 81अ. 1809च्या मे महिन्यात नेपोलियनचं सैन्य व्हिएन्नावर चाल करून आलं आणि बेटोव्हनचा शिष्य आणि आश्रयदाता आर्चड्यूक रुडॉल्फ शहर सोडून गेला. सोनाट्याचे तीन भाग: निरोप, विरह, पुनर्भेट. सुरुवातीच्या तीन स्वरांवर बेटोव्हनने ‘ले-बे-वोल’ ही अक्षरं लिहून ठेवली आहेत, म्हणजे ‘सुखी राहा’. ई फ्लॅटला सा मानलं तर ते स्वर म्हणजे ग, रे, सा. आपला कान म्हणतो, सा आला, घर आलं. नेमक्या त्याच क्षणी डावा हात खाली धैवत धरतो आणि सगळं सी मायनरमध्ये ओढलं जातं. सा लागला, पण घर लागलं नाही. त्या एका ठिकाणासाठी मी हा अल्बम केला असं म्हटलं तरी चालेल.

एकूण साधारण 52 मिनिटं. सीडीवर 74 ते 80 मिनिटं मावतात म्हणून ती भरलीच पाहिजेत असं नाही.

क्रम लावताना तीन गोष्टी सांभाळा. एका रचनेचा शेवटचा स्वर आणि पुढचीचा पहिला स्वर सलग वाजवून पाहा. नुसत्या कागदावर क्रम ठरत नाही. दोन लांब, संथ गोष्टी शेजारी नकोत. आणि दोन रचनांमधली शांतता प्रत्येक वेळी सारखी ठेवू नका. अधांतरी संपणाऱ्या मझुर्कानंतर मी सात सेकंद ठेवले, बाखच्या फ्यूगनंतर चारच.

3. हक्क तपासा, तेही वाजवायला बसण्याआधी

इथे नवखी माणसं सर्वांत जास्त फसतात, कारण ‘जुनं आहे म्हणजे मोकळं आहे’ असं आपण धरून चालतो.

भारतात 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. बाख, बेटोव्हन, शोपँ, लिस्ट यांचा प्रश्नच नाही. बार्टोक 1945मध्ये गेला, म्हणून इथे 2005 संपताना मोकळा झाला. पण अल्बम इंटरनेटवर जाणार, म्हणजे जगभर ऐकला जाणार. युरोपीय देशांत 70 वर्षांचा हिशेब आहे आणि अमेरिकेत जुन्या कृतींसाठी प्रकाशनापासून 95 वर्षांचा. तिन्ही हिशेब करा.

माझ्या पहिल्या यादीत फ्रेंच रचनाकार दारियुस मियोच्या ‘साउदादिश दु ब्राझील’मधले तुकडे होते. साउदाद, म्हणजे दुरावलेल्याची हुरहूर, हा पोर्तुगीज शब्द गोव्यात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मियो 1917-18मध्ये रिओत राहिला, आणि परतल्यावर त्याने 1920च्या सुमारास तिथल्या वस्त्यांच्या नावांनी बारा तुकडे लिहिले. शंभर वर्षं जुनं, अमेरिकेत मोकळं, म्हणून मी खुशाल बसवत होते. पण मियो वारला 1974मध्ये. म्हणजे भारतात हक्क 31 डिसेंबर 2034पर्यंत. परवाना घेऊन वाजवता येतं, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. दोन महिन्यांचा सराव बाजूला ठेवला तेव्हा जिवावर आलं. तुम्ही आधी मृत्यूचं वर्ष पाहा, मग सरावाला बसा.

मांडो (गोव्यातलं संथ कोकणी प्रेमगीत) घेणार असाल तर अधिक सावध राहा. निरोपाचे मांडे सुरेख आहेत आणि पियानोवर शोभतात, पण ‘पारंपरिक’ म्हणून गायल्या जाणाऱ्या पुष्कळ मांड्यांना नावानिशी कर्ता आहे. तो कोण, कधी वारला, हे शोधा आणि त्याचं नाव अल्बमवर छापा.

धालो, फुगडी, ओवी यांची मूळ चाल कुणा एकाची नसते. पण कुणी केलेलं वाद्यसंयोजन त्याचं असतं, आणि ज्या बाईच्या गळ्यातून तुम्ही चाल घेतली तिचा आवाज तिचा असतो. गायक-वादकांच्या सादरीकरणाचा हक्क आपल्या कायद्यात 50 वर्षं राहतो. आत्याचे दोन चरण मी रेकॉर्ड करून माझ्या तुकड्याच्या आधी ठेवले, तेव्हा तिच्याकडून साध्या मराठीत लिहिलेल्या पत्रावर सही घेतली आणि मानधन दिलं. “घरच्यांत कसलं पत्र?” म्हणून ती आधी रागावली. मग तिचं नाव छापून येणार हे कळल्यावर सही करताना तिने चष्मा पुसून घेतला.

शेवटचा मुद्दा कराराचा. कायद्याच्या भाषेत रेकॉर्डिंगचा निर्माता तो, जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो. तो तुम्ही आहात हे तंत्रज्ञाशी केलेल्या करारात स्पष्ट लिहा, आणि मूळ फायली, सर्व टेकसह (टेक म्हणजे एकेका वेळी वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग), तुम्हाला मिळतील हेही. तोंडी भरवशावर राहू नका. माझ्या आधी रेकॉर्डिंग केलेल्या एका मैत्रिणीला स्वतःच्याच फायली मिळवायला वर्ष लागलं.

4. खोली आणि पियानो

स्टुडिओ की घर? गोव्यात पॉप, भजन, तियात्राची (कोकणी नाटकांची) गाणी यांसाठी चांगले स्टुडिओ आहेत. पण ग्रँड पियानो मावेल, आणि त्याचा आवाज छताला लागून सावकाश परत येईल, अशी खोली स्टुडिओत क्वचित मिळते. सासष्टीतल्या जुन्या घरांच्या साली म्हणजे दिवाणखाने, त्यांची उंच लाकडी छतं, जाड मातीच्या भिंती हे पियानोला मानवणारं घर आहे. कपेलमध्ये आवाज गोड येतो पण फार वेळ रेंगाळतो. फ्यूगचे स्वर एकमेकांत मिसळतात. मोठ्या सभागृहाची तारीख मागणार असाल तर पियानोचं भाडं वेगळं आहे का, ट्यूनिंग कुणाकडे आणि रात्री वातानुकूलन बंद करता येतं का, हे तीन प्रश्न अर्जाआधी विचारा.

खोली पाहायला गेलात की टाळी वाजवा आणि ऐका. भिंतींमधून चटचट परतणारी पत्र्यासारखी खणखण आली तर ती खोली सोडा, किंवा गोधड्या, गालिचे, पुस्तकांची कपाटं यांनी भिंतींवरून परतणारा आवाज मोडा.

आता पियानो. गोव्याच्या दमटपणात पियानो सांभाळणं म्हणजे घरात आजारी माणूस सांभाळणं. सुमारे 230 तारा, त्यांचा मिळून सुमारे 18 टनांचा ताण, आणि त्या सगळ्यांचा आवाज साउंडबोर्ड या लाकडाच्या फळीतून बोलतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, सूर वर जातो. सुकतं, सूर खाली येतो. तारांच्या खुंट्यांना गंज, फेल्टला कसर, पायांना वाळवी. जुना पियानो पाहताना हे तपासा:

– प्रत्येक स्वर अगदी हळू, सलग दहा वेळा. एखादी पट्टी अडकते का?
– खुंट्या सूर धरतात का? ट्यूनिंगनंतर आठ दिवसांनी पुन्हा ऐका. घसरला असेल तर तो पियानो रेकॉर्डिंगचा नाही, कितीही देखणा असो.
– साउंडबोर्डला भेग आहे का, आणि जोरात वाजवल्यावर तिथून खरखर येते का?
– पेडल दाबताना-सोडताना कुरकुर.
– हातोड्यांच्या फेल्टवर तारांच्या खोल खाचा. आवाज टोचरा येतो त्याचं कारण हेच.

वर्षानुवर्षं हात न लागलेला पियानो एका दिवसात सुरात आणायचा हट्ट करू नका. एकदम ओढला की तारा तुटतात आणि जो सूर मिळतो तो टिकत नाही. माझ्यासाठी ट्यूनरने तीन फेऱ्या केल्या: सहा आठवडे आधी एक, दोन आठवडे आधी दुसरी, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी दुपारी तिसरी. प्रत्येक रात्री मधल्या सुट्टीत तो पुन्हा एकेक तार ऐकून जुळवायचा. ट्यूनरचे पैसे वाचवून महागडे माइक भाड्याने आणू नका. उलटं करा.

आर्द्रतेचा पुस्तकी आकडा आपल्या किनाऱ्यावर गाठता येत नाही, आणि त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. हवी ती स्थिरता. दिवसभर खोली बंद ठेवून आर्द्रता खेचणारं यंत्र चालवा, रेकॉर्डिंगच्या आधी बंद करा, आणि दर तासाला मापकाकडे पाहा. आकडा पाचाहून जास्त हलला की थांबून ट्यूनरला बोलवा. जुन्या घरांत पियानोच्या पोटात मंद दिवा लावून ठेवायचे, त्यामागे हीच समजूत होती.

5. महिना आणि वेळ

जून ते सप्टेंबर विचारही करू नका. पावसाचा आवाज कौलांवर, बेडकांचा बांधावर, आणि दमट हवा पियानोत. चवथीनंतर पाऊस ओसरतो, पण रातकिडे राहतात. नोव्हेंबर-डिसेंबर जत्रा, फेस्तं आणि लग्नांचे. फेब्रुवारीत कार्निव्हल, फाल्गुनात शिगम्याचे ढोल. मे महिन्यात कोकिळा पहाटे चारपासून, आणि वाड्यावाड्यांत खुरसाकडे लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थनागायन. मी जानेवारीचा शेवटचा आठवडा घेतला: हवा कोरडी, रात्री थंड, पंख्याविना बसता येतं.

वेळ रात्रीची, दहा ते दोन. पहाटे पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्या आत गुंडाळायचं. आधी एक रात्र नुसती त्या खोलीत बसून ऐका आणि वहीत लिहा: कुत्री किती वाजता, शेजारचा पंप केव्हा, रेल्वे किती वाजता जाते. शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा. आम्ही प्रत्येक घरी खाजें घेऊन गेलो होतो. तीन रात्री कुणी गाडीचा हॉर्न वाजवला नाही.

वीज जाणार हे धरून चाला. इन्व्हर्टरची घूं माइकमध्ये येते, म्हणून तो दूरच्या खोलीत.

6. रेकॉर्डिंगच्या रात्री

एका रात्रीत पंधरा ते वीस मिनिटांचं पक्कं संगीत मिळालं तर चांगली रात्र म्हणा. 52 मिनिटांना तीन रात्री, आणि चौथी राखीव.

माइकबद्दल तुमचा तंत्रज्ञ जाणतोच, पण त्याने आयुष्यभर गायक आणि तबला रेकॉर्ड केला असेल तर तो सवयीने माइक पियानोच्या पोटात, हातोड्यांजवळ खुपसेल. अभिजात पियानोला ते चालत नाही. तिथे खोलीसकट आवाज हवा. आमची मांडणी साधी होती: चारी बाजूंनी ऐकणाऱ्या माइकची एक जोडी, एकमेकांपासून अर्ध्या मीटरवर, पियानोच्या वाकापासून दोन मीटर लांब, उघड्या झाकणाच्या उंचीच्या आसपास. पहिला दीड तास फक्त जागा हलवण्यात घालवा. एका वितीने आवाज बदलतो. 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड करा, आणि पातळी इतकी खाली ठेवा की तुमचा सर्वांत मोठा आघातही फाटणार नाही.

पहिल्या रात्रीचा माझा अर्धा बाख वाया गेला, आणि कारण होतं स्टूल. मी पुढे झुकले की ते बारीक कुरकुरायचं. वाजवताना मला ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हेडफोनवर ऐकताना प्रत्येक चढत्या ओळीला ती कुरकुर होती. तेव्हा बसून पाहा, हला, आणि कुणाला तरी माइकमधून ऐकायला सांगा. बांगड्या, घड्याळ, कडक सुती साडी, सगळं आवाज करतं. मी मऊ कुडता घालून अनवाणी बसले.

आता तो माणूस, स्वरलिपी धरून ऐकणारा. हा सोडून बाकी सगळ्यांत काटकसर करा. वाजवणाऱ्याला आपण काय वाजवलं ते त्या क्षणी कळत नाही, आपल्याला काय वाजवायचं होतं तेच ऐकू येतं. माझ्यासाठी माझ्या बाई बसल्या, पासष्टाव्या वर्षी, शाल पांघरून, रात्री दोनपर्यंत. प्रत्येक टेकचा क्रमांक, कुठल्या मात्रेत काय चुकलं, कुठली ओळ चांगली झाली, सगळं पेन्सिलीने पानावर. एडिटिंगच्या वेळी ती पानं नसती तर चारशे फायलींत मी हरवले असते.

टेक कसे घ्यावेत? आधी संपूर्ण रचना दोनदा, न थांबता, चुकांसकट. मग लांब तुकडे. मग हवे असतील तरच चार-आठ मात्रांचे पॅच. उलटं केलंत, म्हणजे तुकडे जोडत गेलात, तर रचनेचा श्वास जातो. आणि प्रत्येक रात्री न चुकता एक मिनिट रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा, सगळ्यांनी श्वास धरून. दोन रचनांमधल्या जागा तिनेच भरायच्या असतात. निखळ डिजिटल शून्य टाकलं तर ऐकणाऱ्याला कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

7. एडिटिंग

आठ दिवस ऐकू नका. मग बसा. प्रत्येक रचनेचा कणा एकाच सलग टेकचा ठेवा आणि फक्त खरोखरच्या चुका बदला. जोड नव्या स्वराच्या आघातावर घातला की लपतो, रेंगाळत्या स्वरात घातला की उघडा पडतो. आवाजाची पातळी दाबून सपाट करू देऊ नका. बेटोव्हनचा विरह हळूच असायला हवा.

8. माहिती भरा आणि प्रकाशित करा

डिजिटल वितरकामार्फत अल्बम सगळीकडे जातो. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा बारा चिन्हांचा क्रमांक लागतो. तो वितरक देतो, किंवा इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून स्वतःची नोंदणी घेता येते. संपूर्ण अल्बमला वेगळा बारकोड क्रमांक. मुखपृष्ठ चौकोनी, 3000 गुणिले 3000 पिक्सेल. मी कुर्डीच्या उघड्या पडलेल्या जोत्याचं छायाचित्र घेतलं, आणि छायाचित्रकाराची लेखी परवानगीही.

सापळे असे:

– रचनाकाराचं नाव ‘रचनाकार’ या रकान्यात, तुमचं ‘कलाकार’मध्ये. उलट झालं तर तुमचा अल्बम बेटोव्हनच्या हजारो अल्बमांत बुडतो आणि कुणाला सापडत नाही.
– शीर्षक देवनागरीत हवं असेल तर वितरकाला भाषा ‘मराठी’ निवडायला सांगा, आणि सोबत रोमन लिपीतलं रूपही द्या. माझं पहिल्या वेळी ‘हिंदी’ म्हणून गेलं होतं.
– स्पॉटिफायवर एका ट्रॅकला वर्षात किमान 1,000 वेळा ऐकलं गेल्याशिवाय पैसे धरले जात नाहीत. म्हणून एक-एक मिनिटाचे तुकडे वेगळे पाडताना विचार करा. बार्टोकचे सहा नाच मी एकाच ट्रॅकमध्ये ठेवले.
– यूट्यूबवर तुमच्या वादनावर दुसऱ्याच कुणा पियानोवादकाच्या कंपनीचा दावा येऊ शकतो. रचना तीच, म्हणून यंत्राला रेकॉर्डिंगही तेच वाटतं. घाबरू नका. रचना मोकळी आहे आणि रेकॉर्डिंग स्वतःचं आहे असं लिहून, तारखांसह हरकत नोंदवा. माझे दोन्ही दावे सुटले.
– प्रकाशनाची तारीख किमान चार आठवडे पुढची द्या. प्लेलिस्टसाठी सुचवायचं तर अल्बम तारखेच्या निदान आठवडाभर आधी तिथे पोहोचलेला असावा लागतो.

अल्बमसोबतची टिपणं मराठीतही लिहा. रचनेच्या व्याकरणापेक्षा ती इथे, या घरात का वाजली ते लिहा. सांग्यातल्या माझ्या काकांनी आयुष्यात पियानोचा अल्बम ऐकला नव्हता. टिपण वाचून त्यांनी बाखचा तिसरा भाग तेवढा चारदा लावला आणि म्हणाले, गाव सोडला त्या दिवशी असंच होतं.

मी तारीख मे महिन्यातली घेतली, कुर्डी पाण्याबाहेर येते तेव्हाची.

9. प्रती जपा

सगळ्या मूळ फायली दोन डिस्कवर, आणि दोन्ही डिस्क दोन गावांत. गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी डिस्कलाही सोडत नाही. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, पुड्या दर मे महिन्यात बदला, आणि वर्षातून एकदा फायली उघडून पाहा. माझी एक डिस्क वाडेंला आत्याच्या कपाटात आहे, कुर्डीहून आणलेल्या तांब्याच्या घागरीशेजारी. दुसरी थोरल्या भावाकडे, पुण्यात.